लांब नाकाची गोळी

स्वीड फोर्क, मोंटाना
१७ जून १९९४

चि. सिग्रिड,

एमरीकाकाचे आशीर्वाद, आणि लुएलाकाकूकडून प्लमच्या जॅमच्या दोन बरण्या. आशीर्वाद खेचराच्या डाव्या अंगाला बांधलेत, बरण्या उजव्या. नदी ओलांडताना डावं अंग भिजतं असं ऍन्सल म्हणतो, म्हणून ही व्यवस्था.

टॅमरॅक माथ्यावरच्या वणव्याच्या चौकीत तू रुजू झालीस, हे आम्हांला ऍन्सलकडूनच कळलं. ज्या काचांमधून तुझ्या आईनं उन्हाळेच्या उन्हाळे धूर शोधला त्याच काचा आता तू पुसतेस, आणि ही बातमी सख्ख्या काकाला खेचरं हाकणाऱ्याकडून मिळावी, हे मी मनाला लावून घेतलेलं नाही. लुएलानं घेतलं आहे. तरीही तिनं जॅम पाठवला, यावरून तिच्या मनाचा मोठेपणा तू ओळखावास, असं तिनं लिहायला सांगितलं आहे.

इकडं सर्व यथास्थित. दुकान चालतं. त्या विद्यापीठानं संस्कृतचा विभाग बंद केल्यापासून मी खिळे विकतो, आणि खरं सांगायचं तर खिळ्यांचं गिऱ्हाईक विद्यार्थ्यांपेक्षा जास्त शंका विचारतं.

आता एक सहज विचारतो. रेडिओवर विचारता आलं असतं, पण तुझ्या रेडिओला सगळं खोरं कान लावून बसलेलं असतं. ऍन्सल सांगत होता की पिल्लं घेऊन एक ग्रिझली मादी तुझ्या झऱ्यावर येते, आणि मागच्या आठवड्यात तिनं तुझ्या संडासाचं दार उचकटून नेलं. दार नेण्यामागचा तिचा हेतू काय होता, हा वेगळा विषय. तू हल्ली रिव्हॉल्व्हर कुठलं बाळगतेस? तीन वर्षांपूर्वी तू पोस्टकार्ड धाडलंस, ‘आईचं रिव्हॉल्व्हर पुलावरून नदीत टाकलं. त्यांना सांगा.’ मी तुझ्या बाबांना सांगितलं. त्यानंतर नवं घेतलंच असशील. मॅग्नमच ना? त्याच्या काडतुसांच्या चाकाची लांबी केवढी? मोजपट्टी नसेल तर अंदाजानं लिही.

हा प्रश्न माझा आहे, आणखी कुणाचाही नाही.

तुझा,
एमरीकाका

ता. क. सोबत मिरचीचा फवारा आहे. अस्वलावर मारण्यापूर्वी वारा कुठून येतो ते बघ. दुकानात एकानं बघितलं नव्हतं.


१ जुलै १९९४

चि. सिग्रिड,

तुझी चिठ्ठी पोचली. ‘जॅम छान होता. दार सापडलं, झुडपात होतं.’ कमीत कमी शब्दांत शास्त्र सांगणाऱ्या जुन्या मंडळींचा मी अर्धं आयुष्य अभ्यास केला. तुझ्यापुढं ती बडबडी वाटतात.

रिव्हॉल्व्हरबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, आणि ते ठीकच झालं, कारण तो प्रश्न माझा नव्हता. तू ते ओळखलंस. मी जन्मात कुणाला चाकाची लांबी विचारलेली नाही.

तर झालं असं. त्या पत्राच्या दोन दिवस आधी तुझे बाबा दुकानात आले. काखेत कॅटलॉग. मी एका बाईंना स्क्रू तोलून देत होतो.

“साचा घ्यायचाय,” हॉलिस म्हणाला.

“केकचा?”

“गोळ्या ओतायचा. तीनशे सत्तावन्न मॅग्नमचा.”

“तुझं रिव्हॉल्व्हर तर चव्वेचाळीसचं आहे.”

“माझ्यासाठी नको आहे.”

आपल्या घराण्यात ‘मग कुणासाठी’ असं विचारलं की माणूस टोपी घालून बाहेर पडतो. म्हणून मी विचारलं नाही. बाईंना आणखी स्क्रू तोलून दिले. त्यांना नको होते, पण त्याही समजूतदार आहेत.

“संडासाचं दार नेलं म्हणे,” तो थोड्या वेळानं म्हणाला.

“नेलं.”

“दार नेणारं जनावर फवाऱ्याला शिंकून मोकळं होईल.”

“मग बाजारची काडतुसं घेऊन धाड. माझ्याकडं आहेत.”

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसा मी पूर्वी पहिल्या वर्षाच्या मुलांकडं पाहत असे. बाजारची गोळी मऊ टोकाची, अस्वलाच्या हाडावर आपटली की फुलते आणि तिथंच थांबते. कडक शिशाची, सपाट डोक्याची, घरी ओतलेली गोळी न फुलता सरळ आत जाते. हे त्यानं मला आजवर इतक्यांदा समजावलं आहे की आता न समजावता नुसता श्वास सोडतो.

कॅटलॉग काउंटरवर पसरला. पानंच्या पानं साचे. ऍल्युमिनियमचे, लोखंडाचे, पितळेचे. एका घराचे, दोन घरांचे, चार घरांचे. बुडाला तांब्याची टोपी बसणारे आणि न बसणारे. मी म्हटलं, यापेक्षा आमची धातुरूपं बरी होती. पण हॉलिसला अडचण त्यातल्या एकाचीही नव्हती. लोखंडी हवा, कारण तापला की तापलेला राहतो. टोपीवाला हवा, म्हणजे दारूचा भडका शिशाला चाटत नाही आणि नळी घाण होत नाही. हे सगळं ठरलेलं. अडलं होतं नाकाशी.

काडतुसाच्या पितळी नळकांड्यातून गोळीचा जेवढा भाग पुढं डोकावतो, त्याला तो नाक म्हणतो. लांब नाकाची गोळी वजनदार, अस्वलाला तीच बरी. आखूड नाकाची थोडी हलकी, पण कुठल्याही रिव्हॉल्व्हरमध्ये बसते.

“मग आखूड घे,” मी म्हटलं. “तिच्याकडं कुठलंही असो, बसेल.”

“आखूडच लागते असं एकच रिव्हॉल्व्हर मला माहीत आहे,” तो म्हणाला. “ते नदीत आहे. नदीसाठी साचा घेऊ?”

तुला ती गोष्ट आठवत असेल. नसेल तर सांगतो, कारण तू तेव्हा टेबलाखाली बसून मांजराला कोट घालत होतीस. लग्नाच्या कुठल्याशा वाढदिवसाला हॉलिसनं तुझ्या आईला लांब नाकाच्या गोळ्यांचा साचा भेट दिला. बाकीचे नवरे बांगडी किंवा निदान तवा देतात. अर्लीननं मोठ्या हौसेनं गोळ्या ओतल्या, काडतुसं भरली, आणि परसातून रिव्हॉल्व्हर घेऊन आत आली. तिचं ते निळसर काळं धूड एवढं मोठं, पण त्याचं चाक आखूड. गोळीचं टोक चाकाच्या पुढं डोकावायचं, चौकटीला अडायचं, आणि चाक जागच्या जागी. तिनं ते हॉलिसच्या बशीशेजारी ठेवलं आणि म्हणाली, “नाक बाहेर, चाक बंद.” जेवण संपेपर्यंत आम्ही हसत होतो. हॉलिस सोडून. तो नंतर हसला, गॅरेजमध्ये, एकटा. मी ऐकलं.

त्यानंतर अर्लीननं स्वतःला आखूड नाकाचा साचा आणला, आणि शेवटपर्यंत स्वतःच्या गोळ्या स्वतः ओतल्या. तो साचा आज हाताशी असता तर कॅटलॉग उघडावाच लागला नसता. पण तो त्या आठवड्यात गेला. तुला माहीत आहे कुठला आठवडा.

तेव्हा, बाळ, एका ओळीत कळव. तुझ्याकडं कुठलं आहे?

एमरीकाका

ता. क. लुएला विचारते की संडासाच्या दाराला बिजागऱ्या हव्यात का. पाठवल्याच आहेत.


१५ जुलै १९९४

चि. सिग्रिड,

‘बिजागऱ्या बसल्या. मादी परत आली होती. झऱ्यावर जाताना भांडं वाजवत जाते.’

छान. भांडं वाजव. पण मी जे विचारलं त्याला तू याही वेळी बगल दिलीस, आणि मी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली, त्या अर्थी माझाही तोल थोडा ढळला आहे.

तुझे बाबा थांबले नाहीत. कॅटलॉगातून त्यांनी काही मागवलंही नाही. गेल्या शनिवारी मी गेलो तर स्वयंपाकघराचं दार वाऱ्यानं आपटत होतं.

“अडसर कुठं गेला?” मी विचारलं.

“शेडमध्ये आहे. गंज काढतोय.”

आठवलं ना? नाक बाहेर, चाक बंद, त्यानंतर तो वाढदिवसाचा साचा अर्लीननं दाराला अडकवायला ठेवला होता. चार घरांचा, लोखंडी, लाकडी मुठींचा. दार त्याला वचकून होतं. अर्लीन गेली त्या आठवड्यात हॉलिसनं तिची खोली रिकामी केली, तिचं ओतकामाचं टेबल रिकामं केलं, तिच्या खोगिरापासून शिंपल्याच्या गुंड्यांपर्यंत सगळं देऊन टाकलं. हा एक साचा राहिला, कारण तो दार धरून उभा होता आणि कुणाच्या नजरेत आला नाही.

“हा लांब नाकाचा आहे, हॉलिस.”

“मला माहीत आहे कसला आहे. मीच दिला होता.”

“तिचं नवं रिव्हॉल्व्हर कुठलं ते अजून कळलेलं नाही.”

“हल्लीच्या सगळ्यांची चाकं लांब असतात. बसेल.”

“आणि नाही बसली तर?”

“बसेल म्हटलं ना.”

मग मी कोट काढून बाकड्यावर बसलो. तू लहानपणी बसायचीस तेच बाकडं. शेडची दारं खिडक्या सताड उघडी, भट्टी पेटलेली, टायरवाल्याकडून आणलेले, मोटारींच्या चाकांना तोल साधायला लावतात ते जुने शिशाचे तुकडे भांड्यात वितळलेले, वर मळी काढायला टाकलेल्या चिमटीभर मेणाचा धूर. वितळलेल्या शिशात थेंब पडला तर ते अंगावर उडतं, म्हणून हॉलिस पाण्याचा थेंबही घेऊन कुणाला आत येऊ देत नाही, माझा कॉफीचा पेला बाहेर कुंपणावर ठेवायला लावला. साचा तापेपर्यंतच्या पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, त्या परत भांड्यात. हे मी सांगण्याची गरज नाही. सांगतो ते एवढ्यासाठी की दर वेळी साचा उघडला की तो गोळी माझ्यापुढं धरायचा.

“सुरकुती आहे का बघ.”

“तूच बघ की.”

“चष्मा घरात राहिला.”

चष्मा त्याच्या नाकावर होता.

त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालेत आणि पानगळीच्या सुमारास मिझूलाला शस्त्रक्रिया ठरली आहे, हे मी तुला सांगू नये असं त्यानं बजावलं आहे. म्हणून मी सांगत नाही.

मग मी सुरकुत्या बघत बसलो आणि तो ओतत राहिला. आयुष्यभर गिरणीत करवतींना धार लावलेला माणूस, हात अजून स्थिर आहेत. मी विषय काढला नाही, शपथेवर सांगतो. त्यानंच काढला, भांड्याकडं बघत.

“ती घोडी रोज सकाळी कुंपणाशी यायची,” तो म्हणाला.

मी पुढची गोळी उजेडात धरली.

“अर्लीनची. दाराकडं तोंड करून उभी राहायची. दार उघडलं की कान ताठ. मग मी बाहेर यायचो. मी आलो की कान पाडायची.”

साच्यावर लाकडी दांडका आपटला, चार गोळ्या फडक्यावर पडल्या.

“किती दिवस तिला तेच तेच सांगायचं? माणसांना एकदा सांगितलं की कळतं.”

“म्हणून विकलीस?”

“चांगल्या माणसाला दिली. पुढच्या खोऱ्यात. त्याच्या मुली आहेत.” मग म्हणाला, “सिग्रिडला विचारायला हवं होतं. पण ती आली की तीही त्याच दाराकडं बघायची.”

मी म्हटलं, ही एक सुरकुतली आहे. ती त्यानं परत भांड्यात टाकली.

हे तुला कळवायला त्यानं मला सांगितलेलं नाही. तो हे शिशाला सांगत होता, मी तिथं बसलेलो होतो, एवढंच. तू निघताना दारात म्हणालीस, “तुम्ही आईला विकून टाकलंत,” तेही मी तिथं बसलेलो असताना. माझ्या नशिबी या घरात कायम बाकडं. तुमच्या दोघांपैकी कुणाला खोटं पाडायला मी लिहीत नाही. त्या आठवड्यात तुमच्या घरात खरं बोलणारी दोन माणसं होती आणि ती एकमेकांना ऐकू येत नव्हती.

भरलेली काडतुसं सोबत आहेत, कॉफीच्या डब्यात. टपालानं पाठवणं कायद्यात बसत नाही, म्हणून ऍन्सलच्या हाती. डबा घेताना तो म्हणाला, “काय रे हॉलिस, पोरीशी बोलायला शिसं वितळवावं लागतं होय?” हॉलिस म्हणाला, “तू आपली खेचरं बघ.” म्हणजे त्याचा मूड चांगला होता.

एमरीकाका

ता. क. बसतात का ते कळव. तो विचारणार नाही. मात्र ऍन्सल यायच्या दिवशी दुकानात खिळे निवडायला येऊन बसेल.


२९ जुलै १९९४

चि. सिग्रिड,

आला आणि बसला. सकाळी दार उघडलं तेव्हा तो पायरीवर होता. दुपारपर्यंत त्यानं लहान मोठे खिळे वेगळे केले आणि मग, वेळ उरला म्हणून, परत एकत्र केले.

ऍन्सल आला. कॉफीचा डबा त्यानं काउंटरवर ठेवला, आणि आवाजावरूनच आम्हां दोघांना कळलं की डबा भरलेला आहे.

“परत पाठवलीत,” ऍन्सल म्हणाला. “चिठ्ठी आत आहे. मी वाचलेली नाही, पण दोनच तर वाक्यं आहेत.”

हॉलिस उठला. टोपी घातली. मी म्हटलं, थांब, निदान ऐक तरी.

“काय ऐकायचं? नको आहेत तिला. नको तर नको.”

“बस,” लुएला म्हणाली. ती केव्हा आली कळलं नाही. “घरात एका वेळी एकच गाढव पुरे, आणि ती जागा एमरीनं घेतली आहे.”

तो बसला नाही, पण थांबला. मी चिठ्ठी उघडली. तुझं अक्षर तुझ्या आईसारखं होत चाललंय, हे कुणी तुला सांगितलंय का? मी वाचलं, “बसत नाहीत. नाक बाहेर, चाक बंद.”

तुला खरं सांगतो, पहिल्यांदा तो चिडला. “मोजमाप न कळवता बसत नाहीत म्हणजे काय! कुठलं खेळणं घेतलंय तिनं? लांब नाक न बसणारं चाक आजकाल बनवतं तरी कोण? मला माहीत आहे असं तर एकच…”

आणि तिथं वाक्य संपलं. म्हणजे त्यानं ते संपवलं नाही.

ऍन्सल खेचराचा दोर सोडवायचं निमित्त करून बाहेर गेला. खेचर बांधलेलंच नव्हतं.

“परत वाच,” हॉलिस म्हणाला.

मी परत वाचलं.

“नाक बाहेर, चाक बंद,” तो स्वतःशी म्हणाला. मग डब्यातलं एक काडतूस काढलं, बोटांनी त्याचं नाक चाचपलं, डोळ्यांनी नाही. “एमरी. तिच्याकडचं रिव्हॉल्व्हर अर्लीनचं आहे.”

“हो.”

“नदीत नाही.”

“दिसत तर नाही.”

“तीन वर्षं तिच्याजवळ आहे.”

“असंच दिसतं.”

तो जाऊन गाडीत बसला. इंजिन सुरू केलं नाही. लुएलानं त्याला ऍपल पायचा एक तुकडा नेऊन दिला, खिडकीतून. त्यानं खाल्ला. ती म्हणते, रडत खाल्ला. मी काचेआडून बघत होतो, मला काही दिसलं नाही, असं मी त्याला सांगितलं आहे.

हे सारं तुला न कळता घडलं, असं मी धरून चाललेलो नाही. त्या टेबलाखाली मांजराला कोट घालणाऱ्या मुलीचे कान उघडे होते. ही काडतुसं आपल्या चाकात बसणार नाहीत, हे तुला डबा उघडल्या क्षणी दिसलं असणार. तू ती दरीत फेकू शकली असतीस. ‘बसतात, धन्यवाद’ असं लिहून आम्हांला आनंदात ठेवू शकली असतीस. तू परत पाठवलीस. खेचराच्या पाठीवरून एवढं लांबचं बोलणं या खोऱ्यात आजवर कुणी पाठवलं नसेल.

संध्याकाळी मी शेडमध्ये डोकावलो. काडतुसांतल्या गोळ्या उपटून काढल्या होत्या आणि तो त्या एकेक करून भांड्यात सोडत होता.

“एवढी मेहनत वाया गेली,” मी म्हटलं.

“कशी काय?” तो म्हणाला. “शिसं आहे. परत ओतता येतं.”

शीळ घालत होता. बेसूर. ही सवय त्याला पूर्वी होती हे मी विसरलो होतो.

तो साचा परत स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आहे. दार आपटत नाही.

एमरीकाका

ता. क. मादीचं काय? भांडं वाजवणं चालू ठेव. आणि तुझ्याकडं चाकात बसणारी काडतुसं आहेत का, की आईचं रिव्हॉल्व्हर तू नुसतं उशाशी ठेवून झोपतेस? उत्तर नको. फवारा जवळ ठेव.


१२ ऑगस्ट १९९४

चि. सिग्रिड,

हे पत्र छोटं आहे, कारण ते नेणारा दारात उभा राहून घाई करतो आहे.

आखूड नाकाचा साचा टपालानं आला. लोखंडी, टोपीवाला, या वेळी दोन घरांचा. चार घरांचा का नाही, म्हणून विचारलं तर म्हणाला, “चार घरं एका वेळी भरायची तर डोळे लागतात.” डोळ्यांचा उल्लेख त्यानं आपणहून पहिल्यांदा केला, म्हणून नोंदवतो.

मला वाटलं, त्याच दिवशी भट्टी पेटेल. पेटली नाही.

“रिव्हॉल्व्हर मोजल्याशिवाय ओतणार नाही,” हॉलिस म्हणाला. “चाकाची तोंडं मोजायची. नळी मोजायची. गोळी केसभर सैल झाली की नळीत शिसं माखतं, केसभर घट्ट झाली की दाब वाढतो. अंदाजानं असलं काम करायचं नसतं.”

“गेल्या वेळी तर तू काहीच मोजलं नाहीस.”

“गेल्या वेळी कुणासाठी ओततोय ते माहीत नव्हतं.”

“सिग्रिडसाठी ओतत होतास.”

“सिग्रिडसाठी,” तो म्हणाला, “पण कुठल्या सिग्रिडसाठी ते माहीत नव्हतं.”

मी या वाक्यावर विचार करत होतो, तेवढ्यात लुएला व्यवहारात शिरली. “रिव्हॉल्व्हर डोंगरावर आणि तू इथं. मोजणार कसा, दुर्बिणीनं?”

तर, बाळ, त्याचा गुडघा तुला ठाऊक आहे. वाट तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, सप्टेंबरात चौकी बंद झाली की ती खाली येईल, तेव्हा मोज. तो म्हणाला, अस्वल सप्टेंबरपर्यंत थांबतं का? ऍन्सलनं त्याला सगळ्यांत म्हातारं खेचर दिलं आहे, जे वाटेत प्रत्येक झाडाशी विचार करतं. दोघांचं जमेल.

त्याच्या पिशवीत केसभर फरकही मोजणारा कॅलिपर आहे, बिजागऱ्यांचे जादा स्क्रू आहेत आणि लुएलाचा जॅम आहे. शिवाय पुढच्या खोऱ्यातल्या एका माणसानं दिलेला फोटो आहे, घोडीचा. तिच्या पाठीवर त्याची एक मुलगी बसली आहे. तो तुला दाखवायचा की नाही, हे त्यानं अजून ठरवलेलं नाही. तू विचारू नकोस. पिशवी उघडी दिसली तर त्यात बघ.

आणि हे पत्र त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. त्यानं ते वाचलेलं नाही. वाचता येत नाही म्हणून नव्हे, मी बजावलं आहे म्हणून, असं आपण दोघं म्हणू.

तेव्हा हे वाचत असशील त्या वेळी तो तुझ्या जिन्याच्या पायथ्याशी उभा असेल, टोपी हातात, आणि म्हणेल की मी फक्त मोजायला आलोय. मोजू दे. कॉफी दे, साखर न घालता; मागेल, तरी देऊ नकोस. रिव्हॉल्व्हर रिकामं करून टेबलावर त्याच्यासमोर ठेव. तो कॅलिपर नीट लावेल, हात स्थिर आहेत. पण त्यावरचे बारीक आकडे त्याला दिसत नाहीत, आणि तो ते कबूल करणार नाही.

तू शेजारी बस आणि वाचून सांग.

तुझा,
एमरीकाका